तीन नंबरचा ससा आणि सुभेदारांचं रक्त

“सशाची काय बिशाद आमच्या रक्तात खोट काढायची!”

सुभेदार ओरडत होते आणि टेबलावरच्या काचेच्या नळ्या थरथरत होत्या. हे मी वाढवून सांगत नाही. त्या दिवशी दोन नळ्या फुटल्या. त्यातली एक माझ्या कोपराने फुटली हे खरं, पण कोपर हललं ते त्यांच्या आवाजाने.

“माझा आजा बसऱ्याला लढला, बा बर्म्यात लढला, मी सोता दोन लढाया बघितल्या. आन् आता आमच्या रक्ताचा पंचनामा ससा करणार व्हय? ससा? पाचोळा वाजला की पळतो त्यो?”

“ससा काही करणार नाही,” आमच्या बाई म्हणाल्या. “तो पिंजऱ्यातच असेल.”

पिंजऱ्यातल्या तीन नंबरच्या सशाने लसूणघास खाणं थांबवलं नाही. त्याचा चेहरा एखाद्या मामलेदारासारखा होता. समोरचा कितीही बोलला तरी निकाल आधीच लिहून झालाय असा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. तंत्रज्ञ म्हणजे नळ्या धुणारा, फक्त बी.एस्सी. झालेला. बाई आमच्या प्रमुख. परदेशात रक्तावर काम करून आलेल्या, उंचीने पाच फूट आणि वाक्यं त्याहून आखूड. सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. त्या गावात फौजेत गेला नाही असा पुरुष म्हणजे एकतर दोन्ही डोळ्यांनी अधू, नाहीतर देवळाचा पुजारी. त्या पुजाऱ्याचाही धाकटा भाऊ तोफखान्यात होता. सुभेदार स्वतः तोफखान्यातूनच निवृत्त झालेले. त्याला दहा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता.

भानगड त्यांच्या मुलाची होती. मुलगा फौजेत जवान, नेमणूक बर्फाच्या डोंगरावर. तिथं हवा विरळ. बाकीचे जवान चार पावलं चालून धापा टाकत बसायचे आणि हा त्यांची ओझी स्वतःच्या पाठीवर घालून गाणं म्हणत वर जायचा. फौजेत दम लागणाऱ्याला शिव्या बसतात, पण अजिबात दम न लागणाऱ्यावर डॉक्टरांचा संशय बसतो. त्यांनी त्याचं रक्त तपासलं. लाल पेशी इतक्या निघाल्या की तपासणाऱ्याने यंत्रच दुरुस्तीला पाठवलं. यंत्र दुरुस्त होऊन आलं, आकडा तोच राहिला. मग त्याला सपाटीवर आणून महिनोन्‌महिने ठेवलं. सपाटीवर आलं की रक्त पातळ व्हायला पाहिजे. ते झालं नाही. तेव्हा रक्ताचा काहीतरी वाईट रोग असावा असा शेरा मारून त्याला रजेवर घरी धाडलं. पुण्याला वैद्यकीय बोर्ड बसणार होतं. बोर्डाने रोग आहे म्हटलं की वर्दी उतरवून ठेवायची आणि घरी जायचं. तेही तेविसाव्या वर्षी, त्या गावात.

लष्करातला एक डॉक्टर बाईंबरोबर शिकलेला होता. त्याने चिठ्ठी पाठवली की, हा रोग नसून जन्मजात गोष्ट असेल तर ती दाखवून द्यायची काही सोय तुमच्याकडे आहे का?

सोय होती. ती पिंजऱ्यात घास खात होती.

आता सशाचा आणि जवानाचा संबंध काय, हे बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं होतं आणि मी ते उसाच्या भाषेत समजून घेतलं होतं. मी कडेगावकडचा. आमच्याकडे उसाच्या भाषेत सांगितलं तर वेदान्तसुद्धा समजतो. रक्तातली लाल पेशी म्हणजे बैलगाडी धरा. फुप्फुसापाशी तिच्यात प्राणवायूचा ऊस भरतात आणि दोराने आवळतात. गाडी कारखान्यावर, म्हणजे हातापायांच्या स्नायूंपाशी, पोचली की दोर सैल व्हायला पाहिजे, तर ऊस खाली पडणार. हा दोर सैल करणारा एक क्षार पेशीतच असतो, आणि तो क्षार तयार करणारं एक विकर असतं, ज्याला एन्झाइम म्हणतात. ज्याच्या रक्तात हे विकरच नाही त्याच्या गाड्या भरून येतात आणि जवळपास भरलेल्याच परत जातात. कारखाना बोंब मारतो, ऊस आला नाही. शरीर बिचारं भोळं. ते म्हणतं, गाड्या कमी पडल्या, आणखी गाड्या लावा. असं करत करत रस्ता गाड्यांनी तुंबतो, माणूस लालबुंद होतो आणि रक्त काकवीसारखं दाट. पण माणूस ठणठणीत. विरळ हवेत तर त्याचं इतरांपेक्षा बरं चालतं, कारण एकदा आवळलेला ऊस तो वाटेत सांडत नाही.

बाईंनी असा माणूस तोवर पाहिला नव्हता. मात्र ते विकर शोधायची तयारी त्यांनी दोन वर्षं चालवली होती. तयारी म्हणजे मी. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या बाटल्यांतून ते विकर वेगळं काढायला मला पाच महिने थंड खोलीत बसावं लागलं. ऐन मे महिन्यात सांगलीच्या बाजारात स्वेटर घालून फिरणारा मी एकटाच होतो. लोकांना वाटे मला हिवताप आहे, आणि ते रस्ता देत. पाच महिन्यांनी जे हाती आलं ते तपकिरीच्या चिमटीएवढं होतं. ते आम्ही सशाला टोचलं.

माणसाचं विकर सशाच्या अंगात गेलं की ते परकं ठरतं. सशाचं शरीर त्याला धरायला पहारेकरी तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, अँटीबॉडी. हे पहारेकरी त्या एका विकराला बरोबर ओळखतात आणि धरतात. दुसऱ्या कुणाला हात लावत नाहीत. एक नंबरचा ससा पहिल्या सुईलाच दगावला. दोन नंबरचा पळाला, आणि पुढं दोन हंगाम वाळव्याकडचे शेतकरी म्हणत होते की उसाला ससा लागलाय. तीन नंबरने मात्र काम केलं. त्याच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, ते गोठू द्यायचं, वरचा पिवळट पाझर घ्यायचा. त्या पाझरात पहारेकरी.

मग काचेच्या बशीत अगरचा पातळ थर ओतायचा. अगर म्हणजे मिठाईवाले चायना ग्रास म्हणतात ते. त्या थरात मधोमध एक भोक आणि भोवती गोलाकार भोकं पाडायची. मधल्या भोकात सशाचा पाझर, भोवतालच्या भोकांत माणसांचं रक्त. दोन दिवस दोन्हीकडून पाझरत राहतं. जिथं पहारेकऱ्याला विकर भेटतं तिथं केसाएवढी पांढरी रेघ उठते. विकर नसेल तर रेघ नाही.

म्हणजे जवानाची नोकरी वाचायची असेल तर रेघ उठता कामा नये. रेघ नाही, तर विकर नाही. विकर नाही म्हणजे दाट रक्त जन्मजात आहे, रोगाने आलेलं नाही. रेघ उठली तर रोग खरा आणि पोरगा घरी. बाई सुभेदारांना नेमकं हेच सांगत होत्या.

“रेघ उठली म्हणजे विकर आहे,” बाई म्हणाल्या. “आता तुमच्या मुलाच्या बाबतीत—”

“उठंल!” सुभेदार गरजले. “जगाची रेघ उठती आन् माझ्या पोराचीच न उठायला काय झालंय? या गावाला रक्त घ्यायला!”

आणि टाच वाजवून, वळून, निघून गेले. बाईंचं वाक्य निम्मं राहिलं. त्यांची वाक्यं आधीच आखूड, त्यातलंही निम्मं.

बाईंना चौघांचं रक्त हवं होतं. आई, बाप, जवान आणि ताडून बघायला घरातला आणखी एक तरुण, चुलत भाऊ चालेल. घरची बाईमाणसं सांगलीला येणार नाहीत म्हणून मला गावाला धाडलं. थर्मासात बर्फ भरून, नळ्या आणि सुया फडक्यात गुंडाळून मी इस्लामपूर, कऱ्हाड करत एस.टी.ने गेलो.

सुभेदारांच्या ओसरीवर त्या सकाळी पूर्ण लष्करी बंदोबस्त होता. सतरंजी, टेबल, टेबलावर तांब्या. चार नळ्यांवर चिकटवायच्या चार चिठ्ठ्या सुभेदारांनी स्वतःच्या हाताने लिहून, डिंक लावून तयार ठेवल्या होत्या. जवानाच्या चिठ्ठीवर त्याचा फौजेतला नंबरही होता. असं व्यवस्थित काम मी आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. मी खूश झालो. तिथंच चुकलो.

“पैलं माझं घ्या,” सुभेदार म्हणाले आणि बाही वर केली. रक्त काढेपर्यंत ते माझ्याकडे असे बघत होते की सुई मलाच टोचल्यासारखी वाटली.

मग त्यांची बायको आली. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. त्यांनी हात पुढं केला तसे सुभेदार मला म्हणाले, “खोट निघालीच, तर ती हिच्या माहेरची असणार. लिहून घ्या.”

“आवं,” त्या सुईकडे बघत म्हणाल्या, “माझं माहेर म्हंजे तुमचंच आजोळ न्हवं का?”

तेव्हा मला कळलं की त्या सुभेदारांच्या मामाची मुलगी. आमच्या मुलखात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, आणि सुभेदारांनी हक्क बजावला होता. सुभेदार घसा खाकरून म्हणाले, “ते न्हाई लिहिलं तरी चालंल.”

त्यानंतर जवान. कडक इस्त्रीची वर्दी, पॉलिश केलेले बूट, ओठावर मिशी. वर्दीचं पोटावरचं बटण लागत नव्हतं. मी मनात म्हटलं, फौजेत खाणं चांगलं असतं. सुई बघताच जवानाने डोळे मिटले आणि “आयायायाया” म्हणाला. मी मनात म्हटलं, लढाईत गोळ्या लांबून येतात, सुई जवळून येते, फरक असणारच.

शेवटी चुलत भाऊ. हा शेतीवाला. लेंगा, बनियन, मिशी मात्र पहिल्यासारखीच. चेहरा पाचगणीच्या स्ट्रॉबेरीसारखा लाल. मी म्हटलं, बिचारा उन्हात राबतो. तो टाचा जुळवून, छाती काढून उभा राहिला आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत पापणी हलवली नाही. मी म्हटलं, काय शिस्तीचा शेतकरी आहे. त्याचं रक्त सिरिंजमध्ये यायला दुप्पट वेळ लागला, आणि आलं ते काकवीसारखं. आता तुम्ही म्हणाल, तुझ्या लक्षात कसं नाही आलं? आलं ना. मी वहीत लिहिलं, ‘चुलत भाऊ : रक्त दाट. उसाचा परिणाम?’ ती वही आता माझ्याकडे नाही. मी ती फाडली.

परत येताना कंडक्टरने थर्मासवर पंच वाजवला. “काय हाय यात?”

“रक्त.”

“कुणाचं?”

“चार माणसांचं.”

“मग तिकीट एकच का काढलंय?” तो म्हणाला आणि पुढं गेला.

दोन दिवसांनी बाई बशी उजेडात धरून उभ्या राहिल्या. जवानाच्या भोकासमोर रेघ होती. चांगली ठसठशीत, शाळेतल्या मुलाने पट्टीने आखावी तशी. चुलत भावाच्या भोकासमोर काही नव्हतं.

“जवानाचं रक्त किती दाट?” त्यांनी विचारलं.

मी नळी फिरवून पाहिलेली होती. “अगदी साधं. माझ्याइतकं.”

“आणि चुलत भावाचं?”

“काकवी.”

बाईंनी बशी खाली ठेवली. “म्हणजे ज्याला लष्कराने आजारी म्हटलं तो बरा आहे, आणि ज्याला कुणी विचारलं नाही त्याच्यात विकर नाही. आपण दोन वर्षं शोधतोय तो माणूस हाच. नळ्या तुम्ही बदलल्यात.”

“नाही बाई. चिठ्ठ्या सुभेदारांनी लिहिल्या होत्या.”

“बोर्ड कधी आहे?”

“सहा दिवसांनी.”

“मग उद्या परत जा. पुन्हा रक्त आणा.”

पाच महिने स्वेटर घालून बसलेल्या माणसाला नळ्या बदलल्या म्हणणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी पहाटेची एस.टी. धरली. गावात पोचलो तर पारावर सुभेदारच उभे. मला बघून त्यांनी लांबूनच विचारलं, “रेघ आली का न्हाई?”

मी म्हटलं, “आली.”

पुढचं बोलायला त्यांनी अवकाश दिला नाही. पारावरून एक आरोळी ठोकली. ती कऱ्हाडपर्यंत गेली असणार, कारण संध्याकाळी कऱ्हाडच्या स्टँडवर मला एकाने विचारलं की सुभेदाराचा पोरगा पास झाला म्हणे. कंदी पेढ्यांचा पुडा आला. माझ्या तोंडात एक पेढा त्यांनी स्वतःच्या हाताने कोंबला आणि पाठीवर थाप मारली. त्यामुळे पेढा एकदम आत गेला आणि मला बोलता येईपर्यंत निम्म्या गावाने पेढे खाल्ले होते. तसंच मला हाताला धरून घरी नेलं. ओसरीवर लेंगा-बनियनमधला तो लाल चेहऱ्याचा उभा होता, आणि त्याच्या शेजारी वर्दीवाला, आता वर्दीशिवाय, गोठ्यातली पाटी डोक्यावर घेऊन.

“सुभेदारसाहेब,” मी म्हटलं, “रेघ आली म्हणजे नोकरी गेली.”

“आं?”

मी सगळं सांगितलं. गाड्या, दोर, कारखाना. रेघ न येणं चांगलं, रेघ येणं वाईट. या रेघेवर बाईंना बोर्डाला कळवावं लागेल की जन्मजात काही नाही, म्हणजे दाट रक्त रोगानेच आहे. वर्दी उतरवा.

सुभेदार गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या म्हशीनेही पाहिलं नसावं, कारण तिने रवंथ थांबवून मान वळवली. त्यांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मिशीला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

आतल्या दाराशी त्यांची बायको उभी होती. “आवं, सांगून टाका,” त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी मिशी आणखी घट्ट धरली.

“तुमी न्हाई सांगत तर मी सांगते. वर्दी घालून बसला हुता त्यो आमचा पुतण्या. रगात त्याचं हाय. आमचा पोरगा ह्यो.” आणि त्यांनी लाल चेहऱ्याच्या चुलत भावाकडे बोट केलं. त्याने टाचा जुळवल्या.

“म्हणजे माणूस बदलला?” मी म्हटलं.

“बदलला काय, बदलला?” सुभेदारांना आवाज सापडला. “भाड्यानं आणला व्हता का? घरचाच हाय. सख्ख्या भावाचा पोरगा. एकाच आज्याचं रक्त! आवं, मी भरती झालो तवा माझी छाती दीड इंच कमी पडत हुती. छातीच्या मापाला माझा थोरला भाऊ हुबा ऱ्हायला. आमच्या गावात असंच असतंय. भरती घराची व्हती, माणसाची न्हाई. ज्याचं जे दणकट, त्यानं ते पुढं करायचं. मला वाटलं, पोराच्या रक्तात डॉक्टर खोट म्हणत्यात, तर पुतण्याचं ब्येस रक्त देऊन टाकू. फौजेला माणूस पायजे, मिळंल!”

“आन् आता माणूस बी गेला आन् फौज बी,” त्यांची बायको म्हणाली.

पुतण्याने पाटी खाली ठेवली. “काका, मी म्हनलं हुतं तुमाला. सुईला मी भितो.”

मग जवान बोलला. इतका वेळ कुणी त्याला विचारलंच नव्हतं. “दादा,” तो बापाला म्हणाला, “माझंच रक्त द्यू द्या. खोट असंल तर असू द्या. मला तिकडं परत जायचं हाय.”

एवढंच. पण आवाज बापाचा नव्हता, साधा होता. सुभेदारांनी मिशीवरचा हात काढला आणि म्हणाले, “चला सांगलीला. समदीच चला.”

दुपारच्या गाडीला आम्ही फाट्यापर्यंत चालत निघालो आणि गाडी सुटताना दिसली. जवानाने एका हातात आईचं गाठोडं घेतलं, दुसऱ्या हातात माझा थर्मास घेतला आणि धावत सुटला. अर्धा मैल. पुढं जाऊन गाडीला आडवा उभा राहिला आणि आम्ही पोचेपर्यंत ड्रायव्हरशी पीकपाण्याच्या गप्पा मारत होता. मी पोचलो तेव्हा मला माझं नावही आठवत नव्हतं. त्याला साधा घामही आला नव्हता. माझ्या गाड्या रिकाम्या होत्या आणि त्याच्या भरलेल्या, हे मला त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळलं.

या वेळी रक्त बाईंनी स्वतः काढलं, चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या, आणि मला फक्त कापसाचा बोळा धरायला दिला. आई-बापांचं आणि मुलाचं. शेजारी एक भोक माझ्या रक्तासाठी, ताडून बघायला.

मग दोन दिवस वाट बघणं आलं. रेघ उठायची वाट बघणं सोपं असतं. काही न उठायची वाट बघायची म्हणजे बघायचं काय? सुभेदार बशीसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. रात्री बाईंनी कुलूप लावून घालवलं तेव्हाच हलले. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या भोकासमोर पुसट धुकं दिसायला लागलं, तसे ते मला म्हणाले, “तुमची आली बगा.” असं म्हणाले की मी काही लाजिरवाणं केलंय. थोड्या वेळाने पिंजऱ्याकडे गेले. मी कान देऊन होतो. ते सशाला म्हणाले, “गड्या, बोललो त्ये बोललो. मनात ठेवू नगंस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी डोक्यावरून घासाचा भारा आणला. तो भारा एवढा होता की दारातून आत येईना. तीन नंबरचा ससा नंतर आठ दिवस त्याच्यामागे दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी बशी उचलली. खिडकीपाशी गेल्या. भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं. जवान सावधानमध्ये उभा होता. त्याची आई जमिनीवर बसून पदराचं टोक गुंडाळत होती. सुभेदार श्वास घेत नव्हते, आणि त्यांच्या रक्तात मुलाची सोय नसल्यामुळे निळे पडायला लागले होते.

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“काय काई न्हाई?”

“मुलाच्या समोर रेघ नाही. विकर नाही. जन्मापासून नाही. रोग नाही.”

सुभेदारांनी पहिला श्वास घेतला. खिडकीवरचे कागद त्यांच्याकडे सरकले.

“आन् आमची?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमची आहे. पण रक्त पातळ करत गेलं की लवकर विरते. निम्मंच विकर आहे तुमच्यात. त्यांच्यातही निम्मंच. तुम्ही दोघं एकाच घराण्यातली. दोघांनी आपापली उणी बाजू मुलाला दिली. तेव्हा त्याच्याकडे काहीच उरलं नाही.”

“म्हंजे निम्मी खोट माझी?”

“निम्मी.”

सुभेदारांनी बायकोकडे पाहिलं. त्या उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, “लिहून घ्या.”

बाईंनी बोर्डाला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि बशीचं रेखाटन सोबत जोडलं. पत्रात ससा होता, विकर होतं, आई-बाप होते. पुतण्या नव्हता. पत्र घेऊन बापलेक पुण्याला गेले.

नंतर महिना-दीड महिना काही कळलं नाही. मी रोज टपालाकडे बघायचो. आमच्याकडे टपाल काचसामानाच्या दुकानांचंच यायचं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुभेदार आणि त्यांची बायको शिराळ्याला लेकीकडे निघाले होते. त्यांनी सांगलीची वाट वाकडी केली. शिराळ्याला जायला सांगली वाटेत लागत नाही, चांगली उलट्या दिशेला आहे, पण सुभेदारांनी वाट वाकडी केली म्हणजे सरळच समजायची. ते आत आले ते बोलतच. बोर्डाने पोराला ठेवला. नुसता ठेवला नाही, त्याच डोंगरावर परत पाठवला, कारण तसा माणूस त्यांच्याकडे दुसरा नाही. सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासायचं, फार दाट झालं तर एक बाटली काढून टाकायची, बस्स. एवढ्या मोठ्या फौजेत असं रक्त दुसऱ्या कुणाचं नाही, असं म्हणे साहेब म्हणाला. आणि ते रक्त कुणाच्या घरचं? सुभेदारांनी स्वतःच उत्तर दिलं. मग बाईंना म्हणाले, “डॉक्टरीणबाई, एक सर्टिफिकीट द्या. आमच्या घरची समदी पोरं डोंगरासाठी राखून ठेवायची म्हनून.”

“तसं होत नाही,” बाई म्हणाल्या.

“का न्हाई? मामाच्या पोरी हायेत की अजून!”

हे कितीतरी वेळ चाललं. मी बाहेर आलो. व्हरांड्यात त्यांची बायको पायरीवर बसली होती. पिशवीतून त्यांनी चार लाह्या माझ्या हातावर ठेवल्या. मी त्यांच्या शेजारी टेकलो.

एक गोष्ट माझ्या मनात इतके दिवस होती. त्या दिवशी दाराशी त्या बोलल्या नसत्या, तर मी पुन्हा पुतण्याचंच रक्त नेलं असतं, त्याच्या रेघेवरच पत्र गेलं असतं आणि पोरगा कायमचा घरी आला असता. ना बर्फ, ना बंदूक. त्या घरात चार पिढ्या बायकांनी वाट बघण्यात घालवल्या होत्या. मावशींना एकट्यांनाच ती चुकवायची संधी आली होती आणि त्यांनी ती घालवली.

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही गप्प बसला असता तर मुलगा तुमच्याजवळ राहिला असता. का बोललात?”

आत सुभेदार बाईंना तोफेचा पल्ला समजावून सांगत होते. मावशींनी तिकडे एकदा पाहिलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि म्हणाल्या,

“एक फौजी घरी बसलाय की. तेवढा बास हाय.”